खुराड्याची झाकलेली जाळी

ही गोष्ट मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. ह्यांच्याजवळ नाही, सख्ख्या बहिणीजवळ नाही, आणि लेकीजवळ तर नाहीच नाही — का ते पुढे कळेल. एकदा देवासमोर बोलायची वेळ आली होती. तिथेही हात जोडून गप्प उभी राहिले. गप्प तरी कसली... पण ते नंतर सांगते.

तुमची-माझी ओळख नाही, म्हणून बहुतेक जीभ उचलतेय. गोष्ट कोंबड्यांची आहे. हसाल तुम्ही. म्हणाल, एवढं काय त्यात — कोंबड्या आज ना उद्या सुरीखालीच जायच्या! मीही स्वतःची अशीच समजूत घालून पाहिली आहे. पण मला खातात ते कोंबड्यांचे जीव नव्हेत, किंवा तेवढेच नव्हेत. मला खातात सुलभाचे हात.

सुलभा माझी धाकटी जाऊ. दीर मुंबईला, गणपतीला आणि शिमग्याला येणार. बाकी वर्षभर ही एकटी. आमची दोन घरं शेजारी-शेजारी, मध्ये चिऱ्याचे तुकडे रचून केलेला कमरेएवढा गडगा. तिचं खुराडं त्या गडग्याला लागून — म्हणजे तिच्या अंगणात, पण माझ्या पडवीच्या नाकासमोर. खाली चिऱ्याची भिंत, वर पत्रा, आणि पत्र्याच्या खाली समोरासमोर दोन बाजूंना जाळी. एका जाळीतून वारा आत यायचा, दुसरीतून बाहेर जायचा. पावसाची झड आत येईल म्हणून दीर भिंत पत्र्यापर्यंत न्यायला निघाला होता, तर हिने वरचे दोन थर पाडायला लावले होते. पत्रा तेवढा पुढे काढून घेतला.

अंथरुणाचं तर विचारू नका. आमच्याकडे माणसांच्या गादीचा कुणी एवढा विचार केला नसेल. आधी पेंढा घालून पाहिला — तो पावसात दमट होऊन आवळतो, आतून पांढरी बुरशी धरतो. मग सॉ मिलमधला भुसा आणला. तो ओल्या लाकडाचा आणि पिठासारखा बारीक, कोंबड्या शिंकायला लागल्या. उन्हाळ्यात आंब्या-काजूचा पातेरा चालायचा, झाडाखालचा वाळलेला पाला. पण पावसाळ्यात तो कोरडा आणायचा कुठून? शेवटी गिरणीतलं भाताचं तूस तिला पटलं. आगोटीला, म्हणजे पावसाळ्याआधी आपण लाकडं, मीठ, सुकी मासळी भरून ठेवतो तेव्हा, ही तुसाची पोती माळ्यावर चढवायची. रोज सकाळी दाताळ्याने तूस खालीवर करायची. पाण्याच्या भांड्याजवळचं भिजलेलं उचलून माडाच्या आळ्यात टाकायची, खाली चुलीतली राख भुरभुरवायची, मग नवं पसरायची. "आज डोहाळजेवण आहे का गो कोंबड्यांचं?" असं मी गडग्यावरून चिडवायचे. ती हसायची आणि हातातलं काम चालूच ठेवायची.

एक सांगते — त्या खुराड्याला वास कधी आला नाही. माझ्या नाकासमोर असून आला नाही. आणि मी किती नाकाने कांदे सोलणारी बाई आहे ते वाडीत कुणालाही विचारा.

आणि तिच्या हाताला गुण होता. कुणाची कोंबडी खुडूक झाली, अंड्यांवर बसवायची असली, की वाडीतल्या बायका सुलभाला बोलवायच्या. ती एकेक अंडं उजेडाकडे धरून बघायची, टोपलीत तूस घालून त्यावर मांडायची, आणि मग कोंबडीला दोन्ही हातांनी उचलून अशी अलगद ठेवायची की ती हूं की चूं करायची नाही. सुलभाने बसवली म्हणजे अंडं फुकट जायचं नाही असं बायका बोलायच्या. सुलभाला मूल झालं नाही. अशा बाईला आमच्याकडे ओटी भरायला पुढे करत नाहीत, बारशाला पाळण्याला हात लावू देत नाहीत — तोंडावर कुणी बोलत नाही, पण तिला बरोबर कळतं आणि ती स्वतःच मागे उभी राहते. फक्त ह्या एका कामाला तिला आधी हाक यायची. मला ते सलायचं का? खोटं कशाला बोलू. थोडं सलायचं. माझ्या हातून बसवलेल्या कोंबड्या अंडी सोडून उठायच्या.

तर त्या वर्षी लावणी संपत आली होती आणि अलोऱ्याहून, तिच्या माहेराहून, निरोप आला की तिच्या वडिलांना अंथरुणातून उठवत नाही. ती तशीच निघाली. जाताना गडग्याशी येऊन मला कोंबड्या सांभाळायला सांगून गेली. "वैनी, दाणे कमीजास्त झाले तरी चालतील. पण ती जाळी तेवढी झाकू नका, वारा खेळला पायजे. आणि तूस भिजला तर वरती नवा घालू नका — खालचा काढा, नि मग घाला." मी म्हटलं, "जा गो तू, मी काय काल आलेय?"

त्या कोंबड्यांत एक तलंग होती — अजून अंड्यावर न आलेली तरणी कोंबडी. थोड्याच दिवसांपूर्वी सुलभाने ती अलोऱ्याहूनच आणली होती. आणि एक तांबडा कोंबडा होता, तो राखणदाराला बोललेला. आमच्या जमिनीच्या राखणदाराला, म्हणजे जागा राखणाऱ्या देवाला, दरवर्षी कोंबडा द्यायचा असतो, आणि तो वर्षभर आपल्या दारात वाढवलेला असला म्हणजे बरं असतं. ह्या दोघांना लक्षात ठेवा.

पहिल्या दिवशी मी दाताळं हातात घेतलं. दुसऱ्या दिवशीही घेतलं असेन. मग... काय सांगू? पाऊस लागून होता, माझी कंबर धरली होती, आणि माझ्या घरात त्याहून मोठं काहीतरी चाललं होतं. शर्वरीला — माझ्या लेकीला — बघायला मालगुंडची माणसं यायची होती. चांगलं घर, आंब्याची बाग, मुलगा शिकलेला. दोन ठिकाणांहून नकार आला होता, त्यामुळे माझ्या जिवाचं पाणी झालं होतं. मी भिंती पुसत होते, पडदे धूत होते, आणि खुराड्यातलं पाण्याचं भांडं कलंडून तूस भिजलं ते बघूनही पुढे जात होते.

वास सुटायला लागला. आधी थोडा, मग असा की पडवीत बसलं तर नाकाला पदर लावावा लागे. आता तुम्हीच सांगा, तो वास कोंबड्यांचा होता का? इतकी वर्षं त्याच कोंबड्या तिथेच होत्या. पण मी पुटपुटले काय, तर, हिने माझ्या दारात उकिरडा मांडून ठेवलाय. हे वाक्य मला अजून शब्दाशब्दाने आठवतं.

ज्या दिवशी माणसं यायची त्या सकाळी मी माळ्यावरून पोतं काढलं आणि भिजलेल्या तुसावर नवं कोरडं तूस ओतलं. चांगलं जाड. वरून कसं छान सोनेरी दिसत होतं! खालचं काढायला अंगावर घाणीचे शिंतोडे घ्यावे लागले असते, आणि मी न्हाऊन नवं लुगडं काढून ठेवलेलं. तरीही वास थांबेना. तेव्हा लाकडांवरचं निळं प्लास्टिक ओढलं आणि खुराड्याच्या दोन्ही जाळ्यांवर घट्ट बांधलं. सुतळीने. खालची कड उडू नये म्हणून चिऱ्याचे तुकडे ठेवले. पावसाळ्यात आम्ही सगळंच गुंडाळतो — लाकडं, पडवी, स्कूटर, विहिरीचा पंप. तेव्हा खुराडं गुंडाळलेलं बघून कुणाला काही वावगं वाटायचं कारण नव्हतं. कोंबड्या अंगणात घाण करतील म्हणून त्यांना बाहेरही सोडलं नाही. दार लावून घेतलं.

दुपारी माणसं आली. बसली, पोहे खाल्ले, शर्वरीशी बोलली. मुलाची आई पडवीत उभी राहून म्हणाली, "किती स्वच्छ ठेवलाय हो तुम्ही परिसर!" मी लाजले.

आता जे सांगायचं आहे ते इथे आहे. इथवर तुम्ही म्हणाल, चूक झाली, घाईत होतीस, कळलं नाही. नाही — कळलं होतं. संध्याकाळी माणसं गेल्यावर मी दाणे टाकायला खुराड्याचं दार उघडलं. आतून जी गरम वाफ आली तिने माझे डोळे झोंबले, पाणी आलं, ठसका लागला. आत कोंबड्या चोची उघड्या ठेवून बसल्या होत्या. एकीनेही दाण्याकडे मान वळवली नाही. ती अलोऱ्याची तलंग दाराच्या फटीला चोच लावून होती. मी बघितलं. मला समजलं. सुलभाचे शब्दही आठवले. आणि मी दार लावून घेतलं.

का? माणसं वाडीतच दुसऱ्या घरी ओळखीचे आहेत म्हणून चहाला थांबली होती. जाताना पुन्हा आमच्या दारावरूनच जाणार होती. प्लास्टिक काढलं असतं तर तो वास सगळ्या आवारात पसरला असता. एवढंच कारण. मनात म्हटलं, ती गेली की काढू. ती गेली, आणि मग त्यांचा फोन आला — मुलगी पसंत आहे. मी देवापुढे साखर ठेवली. शर्वरी रडली, मी रडले, हे रत्नागिरीहून ऑफिसातून आले ते पेढे घेऊनच. आणि खुराडं? आठवलं नाही म्हणू? आठवलं होतं. अंथरुणावर पडताना आठवलं. बाहेर पाऊस धो धो होता. म्हटलं, सकाळी.

सकाळी दार उघडलं तर आत आवाज नव्हता. तांबडा कोंबडा पहिल्याच पावलाशी पडला होता. बाकीच्या एका कोपऱ्यात एकमेकींवर रचल्यासारख्या. दोन धुगधुगत होत्या, त्याही दुपारपर्यंत गेल्या. जिवंत राहिली ती एकटी तलंग, त्या फटीपाशी.

मी काय केलं माहीत आहे? मी आधी प्लास्टिक सोडलं. आधी प्लास्टिक! ते घडी करून परत लाकडांवर घातलं, चिऱ्याचे तुकडे होते तिथे नेऊन ठेवले. मग लुगडं वर खोचून ते सगळं कुजकं तूस फावड्याने ओढून काढलं, जे आदल्या दिवशी मला काढवलं नव्हतं. जमीन खरवडली, चुना मारला, राख टाकली, कोरडं तूस हातभर पसरलं, पाण्याचं भांडं घासून भरून ठेवलं. खुराड्यातून वारा असा खेळायला लागला की बघून घ्यावं. ते खुराडं इतकं स्वच्छ कधीच नव्हतं. मग मी पलीकडच्या शेजारणीला हाक मारली — "अगो, धाव गो, सुलभाच्या कोंबड्यांना काय झालं बघ!"

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. माझी तशी झाकली गेली.

सगळ्यांनी एकच म्हटलं — मर आली. कोंबड्यांत मर येते, एका रात्रीत खुराडी रिकामी होतात, हे कोकणात लहान पोरालाही ठाऊक. आणि मर बाहेरून येते, नव्या पाखराबरोबर. नवं पाखरू कोणतं? अलोऱ्याची तलंग. ती तेवढी जिवंत, म्हणजे तिच्याच अंगातून आली. सगळं कसं जुळत होतं. वाडीतल्या दुसऱ्या कुठल्याही घरची एक कोंबडी मेली नाही, हे कुणाला खटकायला नको होतं का? उलट म्हणाले, राखणदाराने वाडी राखली.

सुलभा आली ती वडील गेल्याचं दुःख घेऊन आली. दहावं-बारावं आटोपून आलेली बाई, तोंड सुकलेलं. ती खुराड्याच्या दारात उभी राहिली, वाकून तुसात हात घातला, मुठीत घेऊन पाहिलं. कोरडं खडखडीत. जाळीकडे पाहिलं. जाळी उघडी. मग ती माझ्याकडे वळून म्हणाली, "वैनी, तुम्ही तर माझ्याहून चांगला ठेवलात. माझाच हात वाईट. मीच घेऊन आले मरण." मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. माझा हात, तिच्या पाठीवर.

तलंगेची मान तिने स्वतः पिरगळली. आजार पसरू नये म्हणून. माडाच्या मागे खड्डा काढून पुरली. ती धडधाकट होती हो. दाराशी वारा मिळाला म्हणून वाचली होती, आणि हे जगात फक्त मला ठाऊक होतं. मी पडवीतून बघत राहिले.

पण देवाला बोललेला कोंबडा असा मेला, हे साधं नव्हतं. राखणदारापाशी गाऱ्हाणं घालायचं ठरलं. ते तुम्हाला माहीत असेल, नसलं तर सांगते — वाडीचे मानकरी तात्या नारळ ठेवून देवाला सगळं बोलून दाखवतात, काय चुकलं ते, कुणाकडून चुकलं ते, आणि प्रत्येक वाक्याला जमलेली माणसं एका आवाजात "होय महाराजा" म्हणतात. तात्यांनी सुरुवात केली. मग थांबून विचारलं, "कुणाच्या हातून काय जाणता-अजाणता झालं असेल त्याने पुढे यावं." मी सुलभाच्या शेजारी उभी होते. मी खरंच एक पाऊल टाकणार होते — की हे आता म्हणते आहे मी? सुलभा पुढे गेली. पदर पसरून गुडघ्यावर बसली.

तात्या म्हणाले, "बा देवा महाराजा, ह्या तुझ्या लेकीने बाहेरचं पाखरू दारात आणलं..." आणि सगळे म्हणाले, "होय महाराजा." "तिच्या हातून तुझ्या कोंबड्याला मरण आलं..." — "होय महाराजा." "तिची चूक पदरात घे..." — "होय महाराजा."

मीही म्हटलं. दर वेळी म्हटलं. आजवर मी स्वतःला सांगत आले की मी गप्प बसले, खोटं बोलले नाही. ते खरं नाही. मी बोलले. सगळ्यांच्या आवाजात आवाज मिसळून, देवासमोर, बोलले.

त्या दिवशी सुलभाने नेम केला की पुन्हा कोंबडीला हात लावणार नाही. आणि बायकांनी तिला बोलवणंही सोडलं. कुणी तसं ठरवलं नव्हतं, पण मर आणलेला हात अंड्यांना कोण लावील? एवढी एक हाक यायची तिला, ती बंद झाली. चोर सोडून संन्याशाला फाशी, ती सुद्धा संन्याशाने आपल्या पायांनी चालत जाऊन घेतलेली. शर्वरीचं लग्न झालं. मालगुंडला सुखात आहे. लग्नात सुलभा आठ दिवस माझ्या घरी राबली, आणि हळद लावायची वेळ आली तेव्हा मागे भिंतीला टेकून उभी राहिली. पूर्वी निदान मी तिला ओढून पुढे आणायचे. त्या दिवशी माझ्याने तिच्याकडे बघवलं नाही.

सांगायला किती वेळा निघाले! गडग्यापर्यंत जाऊन परत आले आहे. आधी म्हटलं, लग्न पार पडू दे, सासरी कळलं तर? मग म्हटलं, शर्वरीचं बाळंतपण होऊ दे. मग काय म्हटलं ते आठवतही नाही. आता कसलीच आडकाठी नाही, आणि तरी सांगितलेलं नाही.

तीन-चार वर्षांमागे सुलभाच मला म्हणाली, "वैनी, रिकामा खुराडा बघवत नाय. तुम्ही ठेवा कोंबड्या त्यात. तुमचा हात स्वच्छ." मी नाही म्हणू शकले नाही. म्हणजे आता मी रोज सकाळी तिच्या खुराड्यात उभी असते. दाताळ्याने तूस खालीवर करते, भिजलेलं उचलते, राख भुरभुरवते. पावसाळ्यात जाळीवर पागोळी येते, पण मी कधी काही बांधत नाही. सुलभा गडग्याच्या माझ्या बाजूला उभी राहते. स्वतःच्या अंगणातलं खुराडं, आणि ती माझ्या अंगणातून बघते. तिथून सांगते, "वैनी, त्या कोपऱ्यात ओल दिसतेय हां." जवळ येत नाही. तिला वाटतं तिची सावली नको.

गेल्या महिन्यात पांढरी कोंबडी खुडूक झाली. मी अंडी टोपलीत घेतली आणि गडग्यापाशी गेले. म्हटलं, "सुलभा, तू बसव गो. माझ्या हाताला नाही जमत." तिने दोन्ही हात पदराखाली घेतले. लहान पोर खोडी करून हात लपवतं तसे. "नको वैनी," म्हणाली, "माझा हात नको. पिल्लं मरतील." तेव्हाच बोलायला हवं होतं. टोपली हातात होती, ती समोर होती, आजूबाजूला कुणी नव्हतं. मी म्हटलं, "बरं," आणि मीच कोंबडी बसवली. ती जशी ठेवायची तशी, दोन्ही हातांनी, अलगद.

परवा सगळी अंडी फुटली. एक सुद्धा फुकट गेलं नाही. मी पिल्लं सुपात घालून दाखवायला नेली. सुलभा गडग्यावरून वाकून कितीतरी वेळ बघत राहिली, हात पाठीमागे धरून. मग तिचे डोळे भरून आले आणि ती म्हणाली, "बघा वैनी. हाताला गुण असावा लागतो. तुमच्या हाताला हाय तो."

मी म्हटलं, "होय."